स्लॅबच्या घराला इरलं

दहिवडीच्या स्टँडवर आई बसच्या खिडकीशी उभी होती. माझ्या मांडीवर दीड वर्षांची सुमी, पायाशी ज्वारीचं पोतं. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं आणि नवऱ्याला दिघ्याजवळच्या कारखान्यात नोकरी मिळाली होती. बस हलताना आई म्हणाली, "दुसऱ्याच्या भिंतीत खिळा ठोकू नकोस. भाडेकरूनं हाताची घडी, तोंडावर बोट!" माणदेशात पाऊस म्हणजे पाहुणा, आला तर आला. त्यामुळं ओल्या भिंतीबद्दल तिच्या उपदेशात काहीच नव्हतं.

तिथले आमचे घरमालक नाना हे त्याच गावचे जुने शेतकरी. भातशेती सरकारनं नव्या शहरासाठी घेतली, त्या पैशातून त्यांनी स्लॅबचं घर बांधलं. वर ते, खालच्या दोन खोल्यांत आम्ही. आळीतलं पहिलं स्लॅबचं घर, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला न विचारता सांगत.

आषाढात पश्चिमेच्या भिंतीवर काळे ठिपके उमटले. पुसले, तर दोन दिवसांत पुन्हा हजर. मग साड्यांच्या घड्यांवर, चपलांवर, ज्वारीच्या पोत्यावर हिरवट लव आली. तोवर बुरशी मी फक्त शिळ्या भाकरीवर पाहिली होती. आईचा शब्द पाळून मी गप्प राहिले, फडक्यानं भिंत पुसत राहिले. सुमीचा खोकला मात्र पुसता येईना. डॉक्टर म्हणाले, या ओलीत पोरीला ठेवू नका. नवऱ्यानं ठरवूनच टाकलं, तुम्ही दोघी गावी परत जा. नुकता कुठं संसार मांडला होता. मला फार रडू आलं.

डोळे पुसून मी जिना चढले. नाना म्हणाले, "वयनी, भित नवी हाय. तुमी पोरीचे लंगोट घरात सुकवता, त्याची वाफ."

"मग आठ दिवस तुम्हीच राहा त्या खोलीत," मी म्हणाले. "ना लंगोट, ना वाफ. आम्ही वर राहतो."

बोलून गेले आणि जीभ चावली. पण नानांनी पैज घेतल्यासारखं अंथरूण उचललं. त्यांची बायको हसत मागोमाग खाली गेली.

खाली गेल्या गेल्या नानांनी ठेवणीतली पांढरी टोपी अडकवायला भिंतीत खिळा ठोकला. ओलं प्लॅस्टर ढेकळासारखं त्यांच्या पायावर पडलं. मालकानंच खिळा ठोकला आणि भिंतीचं पोट उघडं पडलं. आठवडा सरायच्या आत टोपीवर हिरवी लव आली, नानाही खोकू लागले. ते वर आले आणि शांतपणे म्हणाले, "भित माजी, वयनी. म्हंजे पोरीचा खोकला पन माजाच."

जुन्या कुडाच्या घराला ते दर पावसाळ्याआधी पश्चिमेच्या बाजूनं, पावसाचा मारा अडवायला माडाच्या विणलेल्या झावळ्या बांधत. स्लॅबच्या घराला कशा बांधायच्या? लोक हसतील, म्हणून राहिल्या होत्या. आता उरणच्या मेहुण्याकडून त्यांनी झावळ्या आणल्या आणि भर पावसात शिडीवर चढून बांधल्या. आळी हसलीच. इरलं म्हणजे शेतात पावसात पाठीवर घेतात ते पानांचं छप्पर. कुणीतरी ओरडलं, "नाना, स्लॅबला इरलं घातलाव का?"

नाना वरूनच म्हणाले, "पोर खोकतंय. तुमचा हसू दिवालीला येऊ द्या."

दिवाळीपर्यंत भिंत वाळली, त्यांनी स्वखर्चानं नवं प्लॅस्टर केलं. तोवर सुमीचा खोकला थांबला होता. आम्ही दोघी गावी परत गेलो नाही.

गावी मागे राहिलेल्यांनो, तुम्ही अजून विचारता, तुझं घर नक्की कुठलं गं? कितीतरी वर्षं मी सवयीनं दहिवडी म्हणायचे. खरं सांगू? माझ्या लेकीच्या खोकल्याला एक परका माणूस 'माझा' म्हणाला, तिथं माझं घर झालं. त्यानंतर खारघरला आम्ही स्वतःचा फ्लॅट घेतला, सोसायटी, लिफ्ट सगळं आलं, पण पहिलं घर त्या दोन खोल्यांचंच.

आता करंजाड्याच्या आमच्या दुसऱ्या, छोट्या फ्लॅटमध्ये एक तरुण जोडपं भाड्यानं राहतं. परवा श्रावणात त्या मुलीचा फोन आला. "काकू, सॉरी हं, बहुतेक आमचीच चूक असेल... बेडरूमच्या भिंतीवर काळं काळं आलंय."

तो दबका आवाज मी लगेच ओळखला. तिच्याही आईनं निघताना काहीतरी सांगितलं असणार.

"भिंत माझी आहे, बाळा," मी म्हणाले. "आधी सांग, खोकला कुणाला आहे?"