सगळ्यात दांडगं भूत

मुलीच्या क्लासच्या बॅगेतून परवा वीस बाजूंचा फासा घरंगळला, आणि मला भूकंपानंतरचं लातूरमधलं आमचं अंगण आठवलं. घराला फक्त दोन भेगा गेल्या होत्या, तरी सहा वर्षांची धाकटी बहीण आत पाऊल टाकत नव्हती. तिचं जेवण, झोप सगळं अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. तेव्हा विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करणारा मामेभाऊ, आमचा दादा, असाच फासा घेऊन आला आणि हॉस्टेलवर शिकलेला भुतांशी लढायचा खेळ त्याने तापलेल्या पत्र्याखाली मांडला. गोष्टीत भूत जसं वागतं तसंच ते लढणार, हा त्याचा नियम. मुंजा पिंपळ सोडत नाही, म्हणून तो राखणदार; चकवा मारत नाही, नुसती वाट चुकवतो. ताकदीचे आकडे मी द्यायचे. "घर पाडतंय ते भूत पण घ्या," बहीण म्हणाली. "त्याला शंभर द्या." मी म्हणालो, "मग खेळ संपलाच की." दादा हसला नाही. "देऊ की शंभर. पण प्रत्येक भुताचं कुठंतरी चालत न्हाई. ह्याचं कुठं चालत न्हाई, सांग बरं?" तिने घराच्या दाराकडे बघितलं. "अंगणात. दार उघडं असलं की आपण पळून येतो." "मग दाराला राखणदार लागंल," दादा म्हणाला. तिने मला उंबऱ्यावर उभं केलं, दाराच्या दोन्ही फळ्या धरायला लावल्या, आणि आत जाऊन स्वतःच्या हाताने माठातलं पाणी पिऊन आली. आता तिचं पक्क्या बांधकामाचं घर आहे; तरी माझ्याकडे मुक्कामाला आली की ती दाराजवळच अंथरूण टाकते, आणि त्या रात्री मी कडी लावत नाही.