किती वाजता काढली?

वसईतल्या लॅबच्या खिडकीमागचा तो माणूस मला एकदाच भेटला, आणि पुन्हा भेटू नये अशी माझी इच्छा आहे. मी बायकोच्या स्तनातली गाठ तपासायला घेऊन गेलो होतो. त्याने बरणी उजेडाकडे धरली, हलवली आणि विचारलं, "किती वाजता काढली?"

"काल."

"तारीख कॅलेंडरवर दिसते. मी वेळ विचारतोय."

मी मोठ्या रुबाबात डॉक्टरांचं नाव सांगितलं. तो जांभई देऊन शेजारच्या बाईकडे वळला. ती पाचूबंदरची मासळीवाली, बहिणीची गाठ घेऊन आलेली. तिची बरणी बर्फात पुरलेली होती.

"दहाला काढली, दादा. नर्स औषधाचं पानी टाकायला विसरली, म्हणून बर्फात ठेवली. आता साडेदहा झाले."

त्याने उठून तिच्या बरणीत फॉर्मलिन ओतलं. "बर्फाने भागत नाही, ताई. पण डॉक्टरपेक्षा तुम्हाला जास्त कळतं."

मग मला म्हणाला, "गाठ फॉर्मलिनविना नुसती पडून राहिली की तिच्यातले हार्मोनचे रिसेप्टर, म्हणजे गोळ्या जिथे काम करतात त्या जागा, नासतात. तपासताना रंग चढत नाही. आम्ही लिहितो 'नाहीत', आणि बाईला लागू पडणाऱ्या गोळ्या कोणी देत नाही."

माझ्या फॉर्मवरच्या वेळेच्या रकान्यात त्याने लाल फुली मारली.

कल्ले उघडून बघितल्याशिवाय मी पापलेट कधी पिशवीत टाकत नाही. बायकोची गाठ मात्र दुपारभर नर्सिंग होमच्या टेबलावर कोरडी पडून होती. मी समोरच बसून भिंतीवरच्या डॉक्टरांच्या डिग्र्या वाचत होतो.