एकोणिसाव्या सर्व्हरवरची लाल ओळ

इस्पितळाचे सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे माई म्हणत. एका थोरल्या यंत्राच्या पोटात बत्तीस आभासी सर्व्हर नांदत होते, आणि बारा वर्षं माईंनी प्रत्येकाचं दुखलंखुपलं स्वतःच्या हातानं पाहिलं होतं. आज मात्र व्हायरस पकडणारा पहारेकरी प्रोग्राम सगळीकडे आपोआप बसत चालला होता. माईंनी यादी दिली, बटण दाबलं आणि मांडीवर हात ठेवून बसल्या. दुपारच्या मऊ उन्हात एकेक हिरवी ओळ उमटू लागली. लांबवर कुणी घरोघर दिवे लावत चाललंय, असं त्यांना वाटलं.

एकोणिसाव्या सर्व्हरवर लाल ओळ आली. थोड्याच वेळात एक्स-रेवाले काका धापा टाकत जिना चढून आले.

"अहो माई, फोटो अडकले! खाली डॉक्टर पाय आपटतायत."

"फोटो पोचवणारा प्रोग्राम मीच लिहिलेला, त्याला पहारेकऱ्यानं चोर म्हणून कोंडलंय."

"तुमच्या लेकराला? मग सोडवा की! घरचाच आहे म्हणावं."

माईंनी खुर्ची पुढे ओढली.

"घरचाच आहे हो. पण ना पासवर्ड, ना परवानगी, मोकाट हिंडायचं वळण मीच लावलंय त्याला. वीस मिनिटं द्या."

आपलंच जुनं पत्र वाचावं तसा त्यांनी तो प्रोग्राम वाचला, आणि त्याला दारात थांबून परवानगी विचारायला शिकवलं. पहारेकऱ्यानं वाट दिली. खाली डॉक्टरांच्या पडद्यावर कुणाच्या तरी मनगटाची हाडं धुक्यातून यावीत तशी हळूहळू वर आली.