डोक्याचं हाड पोटात

काढलेलं हाड मी ठेवणार कुठे, हे सोनगीरच्या नानांना सहीआधी कळायला हवं होतं.

त्यांचा मुलगा सुभाष ट्रॅक्टरवरून पडून धुळ्यातल्या आमच्या आयसीयूत बेशुद्ध होता. सीटी स्कॅनमध्ये मेंदूची डावी बाजू चांगलीच सुजलेली. कवटी काही ताणत नाही, मग सूज मेंदूलाच दाबते. म्हणून डावीकडचं तळहाताएवढं हाड काढायचं, त्याच्याच पोटाच्या कातडीखाली जपून ठेवायचं आणि सूज उतरली की काही महिन्यांनी परत बसवायचं. जीव वाचेल असं वाटतं, मी म्हणाले, पण बोलण्याचं केंद्र डावीकडेच असतं. तो बोलेल की नाही, सांगता येणार नाही.

नानांची हयात रावेरला केळी पॅक करण्यात गेलेली. ते एवढंच म्हणाले, "झाकण काढी टाका, ताई. दाबं ते माल काया पडी."

दाबला तर माल काळा पडतो. माझं अर्ध्या तासाचं लेक्चर त्यांनी एका खोक्यात बसवलं आणि सही केली.

ऑपरेशन नीट झालं. पट्टीवर मी मार्करने लिहिलं, 'हाड नाही, दाबू नका'. पण आमच्याकडे भेटायला आलेलं वडीलधारं माणूस डोक्यावर हात ठेवल्याशिवाय परत जात नाही, आणि आशीर्वाद देताना पाटी कोण वाचतं? सुभाषची आत्या, सगळ्यांची अक्का, नरडाण्याहून आली ती हात पुढे करूनच. मी ओरडणार तेवढ्यात नानांनी तिचं मनगट धरलं.

"अक्का, हाड पोटमा शे. आशीर्वाद तठेच दे."

मग प्रथाच पडली. येईल तो पोटावर हात फिरवायचा. मला भारी कौतुक. पोटावरही टाके आहेत, हे मीच विसरले.

सुभाष डोळे उघडू लागला, पण शब्द नाही. राउंडला नाना माझ्या तोंडाकडे बघत आणि मी फाइलकडे. मला त्यांची भीती वाटायला लागली होती.

बाराव्या दिवशी अक्का पुन्हा आली, पोटावर हात ठेवला. सुभाषने तोंड वाकडं केलं.

"नाना," तो म्हणाला, "पोट दुखस."

नाना रडले. मीही रडले, फाइल तोंडाआड धरून. टाके जरा लाल झाले होते, बाकी शाबूत.

तीन महिन्यांनी हाड जागेवर बसलं. आता नातेवाइकांच्या सूचनांत मी एक ओळ वाढवली आहे: आशीर्वाद दारातूनच द्यावेत, तिथूनही लागू पडतात.