पिशवीभर मटार

मी सांधेदुखीसाठी कोथरूडच्या ज्या दवाखान्यात जाते, तिथे एक बाई बहुधा माझ्या आधीच येऊन बसलेल्या असतात. दुपारच्या उन्हातही हातांत लोकरी मोजे. आजारानं त्यांची कातडी ताठ झालीय, बोटं आखडलीत, पण पिशवी उचलायला कुणी पुढे झालं की लगेच, “अहो, मला हात आहेत.” आजाराबद्दल विचारलं तर म्हणतात, “सोसायटीच्या वॉचमननं घरमालकालाच चोर समजून बडवावं, तसं माझं रक्त मला बडवतंय.” मग मोजे काढून मटार सोलत बसतात. एकेका शेंगेशी झटापट चालते. आम्ही बाकीचे पेशंट दुसरीकडे बघतो.

परवा त्यांच्या शेजारी हिंजवडीत नोकरी करणारी एक मुलगी रिपोर्ट घेऊन रडत होती. “काकू, रक्ताची एएनए टेस्ट पॉझिटिव्ह आलीय, तुमच्यासारखाच आजार निघणार. नेटवर वाचलं मी सगळं.”

“नुसत्या तेवढ्यानं आजार ठरत नाही. आधी डॉक्टरांना बोलू दे, मग रड.”

रडू काही थांबेना. तेव्हा बाईंनी मटारची पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. “जरा सोलून दे गं. आज माझी बोटं चालत नाहीत.”

मी चमकलेच. मुलीनं डोळे पुसले, रिपोर्ट बाजूला ठेवला आणि सोलू लागली. तिला आत बोलावलं तोवर तिचा श्वास शांत झाला होता.

दार लागताच बाईंनी पिशवी पुन्हा स्वतःकडे ओढली आणि उरलेल्या शेंगा सोलायला घेतल्या.

मी बघतच राहिले. मान वर न करता त्या म्हणाल्या, “अहो, दुसरीकडे बघा की. नेहमी बघता तसं.”