रुमालवाल्या काकू

सुरतेजवळच्या भेस्तानमधल्या आमच्या बिल्डिंगची सहल दरवर्षी हायवेवरच्या पार्कात जाते. तळमजल्यावरच्या काकू घरी साड्यांना लेस लावतात. उरलेल्या कापडाचे त्या रुमाल शिवतात आणि सहलीला पिशवी भरून घेतात. बसच्या ड्रायव्हरला एक, तिकीट तपासणाऱ्या मुलीला एक, झाडूवाल्या बाईला एक. देण्याआधी विचारतात, "तुनं नाव काय शे?" इतकी वर्षं सुरतेत काढूनही त्यांची अहिराणी सुटलेली नाही. मला त्याची लाज वाटायची. मी दोन पावलं पुढे चालायचो.

यंदा मोठा पाळणा चालवणारा माणूस उन्हात उभा होता. काकूंनी रुमाल पुढे केला, तसा त्याने हात मागे घेतला. "बा, अमाराथी कंई लेवाय नहीं." तो काकूंना गुजरातीत 'बा', म्हणजे आई, म्हणत होता; पाहुण्यांकडून काही घ्यायचं नाही, असा तिथला नियम होता.

"मंग लेऊ नको," काकू म्हणाल्या. त्यांनी छत्री उघडली आणि त्याच्या डोक्यावर धरली. तो उंच, त्यामुळे त्यांना हात पूर्ण वर करावा लागत होता.

"हाथ दुखशे, बा."

"दुखू दे."

पाळण्याच्या चार फेऱ्या झाल्या. छत्री खाली यायला लागली, तेव्हा मी पुढे होऊन छत्री घेतली. त्या माणसाने रिकामा झालेला पाळणा थांबवला. "बेसो, बा."

काकू आजवर कधीच पाळण्यात बसल्या नव्हत्या. त्याने त्यांच्यापुढची दांडी दोनदा ओढून पाहिली आणि पाळणा अगदी सावकाश सोडला. रांगेतले लोक ओरडू लागले, तरी त्याने वेग वाढवला नाही.