पितळखोऱ्यात दिलेली हाळी

परवाच्या शुक्रवारी पितळखोऱ्याला जाऊन आलो... एकटाच. मुलगी फोनवर ओरडली, "बाबा, या वयात दरीत उतरता?" म्हटलं, उतरायचं काही नाही गं, खरी परीक्षा चढताना.

रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी माझा फिरायचा वार शुक्रवारच. आम्ही चिकलठाण्याच्या एका कारखान्यात लागलो तेव्हा विजेची टंचाई असायची, म्हणून कारखान्यांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारी. आमची शुक्रवारी. पाहुणे-रावळे सगळे रविवारी मोकळे, आणि तेव्हा आम्ही मशीनवर!

आम्ही म्हणजे मी आणि उत्तम. तो वैजापूर तालुक्यातला, मी परभणीकडचा. पडेगावला एका खोलीत राहायचो आणि सायकलवर अख्खं शहर ओलांडून कामाला जायचो.

शुक्रवार उजाडला की भाकरी-ठेचा बांधून एसटी पकडायची. दौलताबाद, खुलताबाद, म्हैसमाळ... पण उत्तमचं लाडकं पितळखोरं. मी बडबड्या, दरीत उतरलो की 'ओऽऽ' करून आवाज घुमवत बसायचो. तो तिथल्या बौद्ध लेण्याबाहेर चपला काढून आत शांत बसायचा. एकदा म्हणाला, "दिगू, ही आमची घरं हायेत रे."

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला... गावोगाव दलितांची घरं जळाली. उत्तमला गावाकडून निरोप आला, तो शिफ्ट अर्धी टाकून निघाला. परत आलाच नाही. त्याचा टॉवेल खोलीतल्या दोरीवर तसाच लटकत राहिला.

कारखान्यात मी त्याचं नाव काढलं की लोक विषय बदलायचे. कँटीनमध्ये आडनाव विचारून कुणाशेजारी बसायचं ते ठरायला लागलं होतं. उत्तम जिवंत आहे का... आणि असला तर मला अजून आपला मानतो का? याच विचारात रात्र जायची.

पुन्हा शुक्रवार आला. दुसरीकडे कुठे जाणार? पितळखोऱ्याला गेलो. पाऊस नुकताच उघडला होता, ओढ्याला पाणी होतं, माणूस एकही नव्हता. सकाळपासून कंडक्टर सोडला तर कुणाशी शब्द बोललो नव्हतो.

लेण्यात बसून फडकं सोडलं. सवयीने अर्धी भाकरी उत्तमसाठी बाजूला काढली आणि माझी अर्धीही तशीच फडक्यात ठेवून दिली. उठलो, बाहेर आलो आणि जिवाच्या आकांताने ओरडलो, "उत्तऽऽम!" समोरच्या कड्यावरून त्याचं नाव परत आलं. बरं वाटलं... म्हणून पुन्हा ओरडलो, ओरडतच राहिलो.

जरा वेळाने पायऱ्यांवरून एक बाई धावत खाली आली. वर माळावर मेंढ्या चारणारी, हातात काठी, मागोमाग तिचा नवरा.

"कुठं चुकला दादा तुमचा माणूस?"

मी तोंड उघडायच्या आत दोघं कामालाही लागले. ती कपारींमध्ये डोकावायला लागली, तो ओढ्याच्या काठाने डोहाकडे गेला. "ए उत्तऽऽम! व्हय रं बाबा, वो दे!" त्यांच्यात रीतच होती... डोंगरात कुणाची हाळी ऐकू आली की तो माणूस सापडल्याशिवाय कुणी घराकडे वळायचं नाही. मेंढ्या वर तशाच सोडून आले होते बिचारे.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी सांगून टाकलं की मावशी, तो इथं नाहीच. दंगलीत गावाकडं गेला, तो आलाच नाही.

वाटलं, आता काठीच बसते पाठीत. पण बाई घाम पुसत पायरीवर टेकली. "मग हितं कामून बोंबलायला बाबा? जिथं हाय, तिथं जाऊन हाळी दे की."

नवराही डोहाकडून परत आला होता. तो म्हणाला, "आन् आधी आपलं नाव सांगायचं, मंग त्याचं. समोरच्याला कळाया पाह्यजे कोन आलंय. भ्यायचं का नाय ते."

पुढच्या शुक्रवारी मी वैजापूरची एसटी धरली. उत्तमच्या गावात त्याच्या वस्तीची वाट विचारली, तर लोकांनी नुसतं वर-खाली पाहिलं. हुडकत गेलो. भिंती काळ्या पडलेल्या, दारं लावलेली, आणि मला बघून उघडं होतं तेही एक दार लागलं.

त्या मेंढपाळाचं बोलणं आठवलं. मधोमध उभा राहिलो आणि ओरडलो, "मी दिगंबर! पडेगावचा दिगू! उत्तऽऽम!"

पुन्हा ओरडलो... तसंच, आधी माझं नाव, मग त्याचं.

कोपऱ्यातलं एक दार किलकिलं झालं. दाढी वाढलेली, हाताला पट्टी... उत्तम! आत वळून आईला म्हणाला, "उघड दार. आपलाच हाय."

त्यानंतर आमचे किती शुक्रवार झाले कुणास ठाऊक. पुढे विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, तेव्हा पहिला पेढा त्याने माझ्या तोंडात कोंबला. गेल्या दिवाळीनंतर उत्तम गेला. आता फोन आहे, नंबर आहेत, पण शुक्रवारी कुणाला लावावा ते सुचत नाही.

परवा लेण्यासमोर उभा राहून हाळी दिली. आधी माझं नाव, मग त्याचं. वर पोरं सेल्फी काढत होती, त्यांना वाटलं असेल म्हातारा गंमत करतोय. मी मात्र उगाच पायऱ्यांकडे बघत बसलो... कुणी धावत येतंय का.

त्या नवरा-बायकोची नावं विचारायचं तेव्हा राहूनच गेलं. पण त्या दिवसांत उत्तमचं आडनाव न विचारता त्याला शोधायला निघालेली माणसं मला ती दोघंच भेटली.